तुमच्या पाच एकरांतली चाकोरी

ताई, आम्ही कॅलिफोर्नियात, आयर्विनला राहतो. 2020 मध्ये मोहावी वाळवंटात, लँडर्सच्या बाहेर पाच एकर जमीन घेतली. एक पडकी खोली, चार जोशुआ ट्री, बाकी क्रिओसोटची झुडपं. महिन्या-दीड महिन्यातून जातो, रात्री आकाश बघतो आणि परत येतो. पूर्वेकडचे शेजारी सत्तरीचे गृहस्थ आहेत. ते त्यांची जीप आमच्या जमिनीतून तिरकी काढून मोठ्या रस्त्याला लागतात. सुट्टीत त्यांची नातवंडं डर्ट बाइक घेऊन येतात. एका वाटेच्या आता तीन वाटा झाल्यात. पश्चिमेच्या माणसाने कंटेनर आणि भंगार आणून ठेवलंय, त्यातलं काही आमच्या हद्दीत आहे असं वाटतं. त्यात उत्तरेच्या वीस एकरांवर तंबूंचं रिसॉर्ट होणार अशी नोटीस लागली आहे, आणि ‘जमीन विकता का’ अशी पत्रं आम्हालाही येतात. मी म्हणतो, चारी बाजूंनी पक्कं कुंपण घालू आणि शेजाऱ्यांवर केस टाकू. बायको म्हणते, तिथे घरोघरी बंदुका आहेत, भांडण नको, विकून मोकळे होऊ. काय करावं?
– एक वाचक, आयर्विन

नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि वडिलांचा बांध आठवला. माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. पाऊस तिथे वाट चुकल्यासारखा येतो. शेजारचा शेतकरी दर वर्षी नांगराची एक ओळ आमच्या बाजूने जास्त काढायचा. आई म्हणायची, बोला. वडील म्हणायचे, शेजारधर्म आहे, चार बोटं जमिनीसाठी काय तोंड वाईट करायचं. पुढे मोजणी आली तेव्हा बांध इतका आत सरकला होता की ज्वारीच्या चार ओळी गेल्या होत्या. मग व्हायचं ते भांडण झालंच, आणि ते तीस वर्षं पुरलं. वडिलांनी पहिल्याच वर्षी ओट्यावर बसून, चहा पाजून, ‘बाबा, बांध इथे आहे’ एवढं म्हटलं असतं तर दोन्ही घरं एकमेकांच्या लग्नाला गेली असती.

तुम्हा दोघांनाही मी तेच सांगणार आहे. केस नको, विकणंही नको. पण गप्प राहणं सगळ्यात महागात पडेल. कारण आपल्याकडे ज्याला वहिवाट म्हणतात, ती कॅलिफोर्नियातही आहे. मालकाच्या परवानगीशिवाय, उघडपणे, सलग 5 वर्षं कुणी एखादी वाट वापरली, तर कोर्ट त्याला त्या वाटेचा कायमचा हक्क देऊ शकतं. जमीन तुमचीच राहते, कर तुम्हीच भरता, पण वाट त्याची होते. संपूर्ण जमीन बळकावणं त्यामानाने अवघड आहे, कारण त्यासाठी 5 वर्षांचा ताबा लागतो आणि त्या जमिनीचा करही त्यानेच भरलेला असावा लागतो. वाटेच्या हक्काला सहसा ती अट आडवी येत नाही. म्हणून तुमची खरी काळजी कंटेनर नसून ती तिरकी चाकोरी आहे.

आता तुम्हाला कदाचित आवडणार नाही असं एक सांगते. ही चाकोरी तुमच्या आधीपासूनची असू शकते. पूर्वीचा मालक लॉस एंजेलिसला राहून वर्षानुवर्षं फिरकला नसेल आणि शेजारी तेव्हापासून जात असतील, तर हक्क तुम्ही जमीन घेण्याआधीच पिकला असेल. म्हणून पहिल्या भेटीत ‘तुम्हाला इथून जायचा अधिकार नाही’ असं ठणकावू नका. ते कदाचित खरं नसेल. आणि तसं म्हटल्यावर माणूस वकिलाकडे जातो.

त्याआधी कागद वाचा. तुमची पाच एकरं बहुतेक ‘जॅकरॅबिट होमस्टेड’ म्हणतात त्यांपैकी असावीत. 1938 च्या स्मॉल ट्रॅक्ट कायद्याने केंद्र सरकारने या भागातली ओसाड समजली जाणारी जमीन पाच-पाच एकरांच्या तुकड्यांत लोकांना दिली. मुख्य अट अशी, तिथे एक छोटं घर बांधायचं. तुमची पडकी खोली त्याच काळातली असेल, तिला जपा. या जमिनींच्या मूळ सरकारी पेटंटमध्ये, म्हणजे सरकारने जमीन दिल्याच्या पहिल्या दस्तात, बहुतेक वेळा एक ओळ असते: हद्दीच्या कडेने 33 फूट पट्टा रस्त्यासाठी आणि विजेच्या, पाण्याच्या सोयींसाठी राखीव. जुनी पेटंट्स सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या केंद्राच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. जमीन घेताना मालकी हक्क तपासणाऱ्या टायटल कंपनीने जो अहवाल दिला होता तोही काढा, त्यात मागच्या पानांवर अपवादांची यादी असते. ती कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा.

समजा, तो पट्टा निघाला. मग चित्रच बदलतं. कडेने जाण्याचा शेजाऱ्यांना बहुधा अधिकार आहे, मधून तिरकं जाण्याचा नाही. शिवाय तुम्ही घालणार असलेलं ‘पक्कं कुंपण’ नेमकं त्या पट्ट्यावर आलं, तर चूक तुमची ठरेल. मी म्हणते कुंपणाचा विचार सध्या बाजूला ठेवा, त्याचं हे एक कारण. दुसऱ्या कारणाकडे पुढे येते.

मग मोजणी. इथे तलाठी नाही, तालुक्याचं भूमी अभिलेख कार्यालय नाही. परवानाधारक लँड सर्व्हेअर स्वतः लावावा लागतो आणि काही हजार डॉलर जातात. फोनवरच्या नकाशातली निळी रेघ ही हद्द नव्हे, ती चांगलीच इकडेतिकडे असते. लँडर्समध्ये तर मोजणीला आणखी एक कारण आहे. 28 जून 1992 ला तिथे 7.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि भेगेच्या दोन्ही बाजूंची जमीन काही ठिकाणी कित्येक फूट आडवी सरकली. एकेकाळी सरळ असलेले रस्ते आणि कुंपणं त्या रेषेवर तुटून बाजूला गेली. जुन्या लोखंडी खुंट्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. सर्व्हेअरला चारही कोपरे ठोकायला सांगा आणि त्याची नोंद काउंटीत करून घ्या. कंटेनर आत आहे की बाहेर, हे तेव्हाच कळेल. आत असला तर मोजणीच्या नकाशाची प्रत जोडून, तारीख घालून, सभ्य भाषेत पत्र पाठवा आणि हलवायला मुदत द्या. भंगाराच्या बाबतीत मात्र घाई करा. दुसऱ्याने टाकलेला कचरा असला तरी तो उचलण्याची जबाबदारी काउंटी जमिनीच्या मालकावर टाकू शकते, आणि एका ढिगाशेजारी दुसरा ढीग पडायला वेळ लागत नाही.

आता पूर्वेकडच्या गृहस्थांकडे चला. दोघंही जा. वहिनींना बरोबर न्याच, त्यांना भांडण नको आहे ही इथे मोठी जमेची बाजू आहे. फाटकाशी उभं राहून आधी हाक द्या, दुपारच्या उजेडात जा, न सांगता दारापर्यंत जाऊ नका. वाळवंटातली ही रीत आहे, तिथले लोक ती पाळणाऱ्याला मान देतात. काहीतरी घेऊन जा. माझ्या अनुभवात चकली फार चालते. आणि भांडायला नाही, विचारायला जा: तुम्ही इथे किती वर्षं आहात, हा रस्ता कधीपासून वापरता, पूर्वी इथे कोण होतं. सत्तरीच्या माणसाला पाणी कुठून येतं, वादळात रस्ता कुठे वाहून जातो, सगळं माहीत असतं. तुम्ही महिन्यातून एक रात्र तिथे असता. उरलेल्या एकोणतीस रात्री त्या जमिनीवर ज्याची नजर असते, तो हाच माणूस आहे. याला शत्रू करून तुम्ही पाच एकरांची राखण कशी करणार?

मग आपलं म्हणणं मांडा. तुम्ही जात राहा, आमची हरकत नाही, फक्त कडेने जा, आणि आम्ही तशी लेखी परवानगी देतो. ‘परवानगी’ हा शब्द इथे सगळं काम करतो. वहिवाट पिकते ती मालकाच्या संमतीविना झालेल्या वापरावर. संमती दिली की वापर कितीही वर्षं चालला तरी त्यातून हक्क उगवत नाही. म्हणजे ज्याला तुम्ही मनातून अडवायला निघाला आहात, त्याला हो म्हणणं हाच तुमच्या जमिनीचा सगळ्यात मजबूत बांध आहे. मला हे कळलं तेव्हा वडिलांची फार आठवण आली. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

ही संमती कायद्यात बसवायच्या दोन सोप्या रीती आहेत. राज्याच्या सिव्हिल कोडच्या (दिवाणी संहितेच्या) कलम 813 प्रमाणे तुम्ही काउंटी रेकॉर्डरकडे संमतीची नोटीस नोंदवू शकता. वापर एखाद्या ठरावीक व्यक्तीचा असेल तर तिची प्रत त्या व्यक्तीला रजिस्टर्ड टपालाने पाठवावी लागते. अट अशी की ती शेजाऱ्यांना सांगून पाठवा. न सांगता आलेलं रजिस्टर्ड पाकीट माणसाला धमकीसारखं वाटतं. दुसरी रीत कलम 1008 ची पाटी: ‘मालकाच्या परवानगीने आणि त्याच्या नियंत्रणाखाली जाण्याचा हक्क’ या अर्थाचं, कायद्यात दिलेलं इंग्रजी वाक्य कलमाच्या क्रमांकासह जसंच्या तसं लिहायचं. पाटी प्रत्येक प्रवेशाच्या जागी हवी, किंवा हद्दीवर जास्तीत जास्त 200 फुटांच्या अंतराने. तुमचा तुकडा नेहमीच्या मापाचा, 330 बाय 660 फुटांचा असेल तर घेर होतो 1,980 फूट. म्हणजे दहा पाट्या. एका शनिवारचं काम. पुढच्या प्रत्येक खेपेला त्यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा, कारण वाळवंटातलं ऊन दोन-तीन वर्षांत रंग खातं. आधीच पिकलेला हक्क मात्र या पाट्यांनी जात नाही. शेजाऱ्यांच्या बोलण्यातून वापर फार जुना आहे असं निघालं तर स्थावर मालमत्तेच्या वकिलाचा एक तास विकत घ्या आणि कडेच्या वाटेचा रीतसर करार करून, तिरक्या वाटेवरचा दावा त्यांनी सोडल्याचं त्यात लिहून घ्या.

नातवंडांच्या बाइक ही वेगळी गोष्ट आहे. तिथे मी इतकी मऊ नाही.

तुम्हाला वाटत असेल, वाळूत चाक गेलं तर काय बिघडलं, वारा येईल आणि बुजेल. बुजत नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, जनरल पॅटन यांनी याच वाळवंटात सैन्याला रणगाड्यांचं प्रशिक्षण दिलं. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या काही ठिकाणी आजही दिसतात. मोहावीची माती उघडी दिसते, पण तिच्या वरच्या थरात सूक्ष्म जिवाणू, शैवाल, दगडफूल, शेवाळ यांची एक जिवंत साय असते. त्यांच्या चिकट तंतूंनी मातीचे कण एकमेकांना धरलेले असतात. वारा आला तरी धूळ उडत नाही ती या सायीमुळे, आणि जे थोडं पाणी पडतं ते मुरतंही तिच्यामुळे. चाकाखाली ती एका क्षणात मोडते आणि परत धरायला दशकं लागतात. तुमच्या जमिनीपासून फार लांब नाही, जॉन्सन व्हॅलीच्या बाजूला, ‘किंग क्लोन’ नावाचं क्रिओसोटचं एक कडं आहे. एकाच मुळापासून बाहेर पसरत गेलेलं, अंदाजे 11,700 वर्षांचं. तुमच्या पाच एकरांतली गुडघ्याएवढी वाटणारी झुडपंसुद्धा आपल्या पणजोबांहून मोठी असू शकतात. आणि बिळात राहणारं वाळवंटी कासव, जे 1990 पासून केंद्राच्या संकटग्रस्त जीवांच्या यादीत आहे, त्याला बाइकचा आवाज ऐकून पळता येत नाही.

हे त्या मुलांना कुणी सांगितलेलं नसतं. आजोबांसमोर सांगा, दाखवा, साय कुठे आहे आणि मोडलेली कशी दिसते. त्यानंतरही चालू राहिलं तर कायदा तुमच्या बाजूला आहे. तुमच्या सॅन बर्नार्डिनो काउंटीत दुसऱ्याच्या खाजगी जमिनीवर अशी वाहनं चालवायला मालकाची लेखी परवानगी लागते. राज्याच्या दंडसंहितेचं कलम 602.8 मोकळ्या, कुंपण नसलेल्या जमिनीलाही लागू होतं, पण त्यासाठी हद्दीवर दर मैलाला किमान तीन आणि आत येणाऱ्या प्रत्येक वाटेवर ‘प्रवेश बंद’ची पाटी हवी. पहिल्या वेळी 75 डॉलर दंड, त्याच जमिनीवर दुसऱ्या वेळी 250, तिसऱ्या वेळी फौजदारी गुन्हा. या पाट्या आणि कलम 1008 च्या पाट्या एकाच खांबावर लावताना मजकूर एकमेकांच्या विरुद्ध वाटणार नाही हे वकिलाकडून बघून घ्या. अनोळखी टोळी आली तर स्वतः समोर जाऊ नका. लांबून फोटो काढा, शेरीफला फोन करा, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. आणि काहीही झालं तरी वाटेवर तार किंवा साखळी ताणू नका. संध्याकाळच्या उजेडात ती दिसत नाही आणि पोराचा गळा जातो. असल्या गोष्टी मी दुरून ऐकलेल्या नाहीत.

कुंपण नको म्हणण्याचं दुसरं कारण हेच. खांबांसाठी ट्रक फिरणार, खड्डे खणणार, साय मोडणार, ती तुमच्याच हातून. शिवाय 2023 च्या कायद्याने पश्चिमी जोशुआ ट्रीला संरक्षण दिलंय. परवान्याशिवाय ते तोडणं तर सोडाच, छाटणंही चालत नाही, वाळलेल्या झाडालासुद्धा परवाना लागतो. त्याऐवजी वाळवंटाची डागडुजी करणारे लोक करतात ते करा. मोटार जिथून आत शिरते त्या तोंडाशी मोठे दगड ठेवा. तिथून पुढे दृष्टी पोचेल तेवढ्या चाकोरीत आडवी फणी फिरवून खुणा मोडा, आणि क्रिओसोटच्या वाळून पडलेल्या फांद्या उभ्या पुरा, जणू तिथे झुडूपच उगवलंय. याला ते ‘व्हर्टिकल मल्चिंग’ म्हणतात. चालवणाऱ्याला वाट दिसेनाशी होते, आणि त्या फांद्यांच्या सावलीला उडत आलेलं बी अडकून खरंच काही उगवतं. वाट दिसली नाही तर बरेच जण वळून जातात. तुमच्या तीनपैकी दोन वाटा अशा बुजवा, आणि हे काम करायला त्या नातवंडांनाच बोलवा. खरंच बोलवा.

रिसॉर्टची नोटीस. तुमच्या हद्दीबाहेर काय व्हावं हे तुमच्या कुंपणाने ठरत नाही, ते काउंटीच्या सुनावणीत ठरतं. आधी बघा की काउंटीच्या कर नोंदीत तुमचा आयर्विनचा पत्ता बरोबर आहे का. लांब राहणाऱ्या मालकांच्या नोटिसा जुन्या पत्त्यावर जातात आणि मग ‘आम्हाला कळलंच नाही’ हे कुणी ऐकत नाही. मग नोटिशीवरच्या मुदतीच्या आत लेखी हरकत पाठवा. भावना लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका. पाणी कुठून आणणार, सांडपाणी कुठे जाणार, रात्री दिवे किती, कच्च्या रस्त्यावर गाड्या किती, कचऱ्याने डोमकावळे वाढले की ते कासवाची पिल्लं फोडून खातात त्याचं काय. पुढे कोर्टात जायची वेळ आली तर पर्यावरणाच्या कायद्याखाली साधारणपणे तेवढेच मुद्दे उचलता येतात जे आधी कुणीतरी नोंदवलेले असतात. न लिहिलेली हरकत नसल्यासारखी.

याने काही होतं का, असं वहिनी विचारतील. होतं. या वाळवंटातल्या छोट्या वस्त्यांनी वर्षानुवर्षं सुनावण्यांना हजेरी लावली आणि 2019 मध्ये सॅन बर्नार्डिनो काउंटीच्या सुपरवायझर मंडळाने अशा ग्रामीण वस्तीच्या जमिनींवर मोठ्या सौरप्रकल्पांना बंदी घातली. सूर्याच्या विजेला माझा विरोध नाही. पण ती कुठे उभी करायची हे तिथे राहणाऱ्यांना विचारून ठरलं, हे मला मोलाचं वाटतं. तुमचे सत्तरीचे शेजारी बहुधा अशा एखाद्या सुनावणीला जाऊन आलेले असतील. त्यांना रिसॉर्टबद्दल विचारा. वाटेवरून तुमचं पटणार नाही कदाचित, पण उत्तरेच्या त्या वीस एकरांवरून पटेल.

आता विकण्याचं. ‘जमीन विकता का’ अशी पत्रं कर नोंदींवरून गठ्ठ्याने पाठवलेली असतात, त्यांना उत्तर देऊ नका. जमीन तुमच्या नंतरही अशीच राहावी असं तुम्हा दोघांना वाटत असेल तर कॅलिफोर्नियात 1979 पासून त्यासाठी कायदा आहे. जमीन तुमच्या नावावर ठेवून, तिच्यावर बांधकामाचा हक्क कायमचा सोडल्याचा करार एखाद्या संवर्धन संस्थेशी करता येतो, आणि तो पुढच्या प्रत्येक मालकावर बंधनकारक राहतो. जोशुआ ट्री गावात मोहावी डेझर्ट लँड ट्रस्ट ही अशी संस्था आहे, त्यांच्याशी बोला. एकट्या पाच एकरांसाठी असा करार करायला संस्था सहसा तयार होत नाहीत, कारण त्याची देखरेख त्यांना कायमची करावी लागते. पण तुमची जमीन प्राण्यांच्या येण्याजाण्याच्या पट्ट्यात असेल किंवा शेजारची जमीन आधीच संरक्षित असेल तर गोष्ट वेगळी. करार जमला नाही तरी मृत्युपत्रात जमीन त्यांना देण्याचा रस्ता उरतो. मुलांशी बोलून मगच ठरवा. आणि दरम्यान कर एकदाही चुकवू नका, 5 वर्षं थकला की काउंटी जमीन लिलावात काढू शकते.

उन्हाळ्यात हे काही जमणार नाही. नोव्हेंबरात सर्व्हेअर बोलवा, तोवर पेटंट आणि टायटलचा अहवाल वाचून ठेवा. रिसॉर्टच्या नोटिशीवरची तारीख मात्र आजच बघा, ती नोव्हेंबरापर्यंत थांबणार नाही. शेजाऱ्यांकडे जाऊन आलात की मला लिहा, ते किती वर्षं तिथे आहेत म्हणाले ते आवर्जून कळवा. पुढचा सल्ला त्या एका आकड्यावर अवलंबून आहे.

तुमची,
ताई